तिसऱ्या कप्प्याला हात लावायचा नाही

ये गं, अशी जवळ बस. दारात उभं राहून, फोनमधले फोटो पुढे सरकवत माझ्याशी बोलायचं नाही. मला धड दिसत नाही आणि आवडतही नाही. चार महिन्यांनी मावशीची आठवण झाली, तीही माशांच्या टाकीसाठी. वाघोलीहून कसब्यात यायला काय परदेशी जावं लागतं? बरं, राहू दे. चहा घे, आणि तो खालच्या, पाणी गाळायच्या टाकीचा फोटो परत दाखव.

हे बघ, इथं चुकलंय. खालच्या टाकीतले काचेचे पडदे तू इतके उंच लावलेस की पाणी काठाला टेकलंय. "जागा वाया जात होती, मावशी" म्हणतेस. आणि वीज गेली की? पंप थांबला की वरच्या टाकीतलं थोडं पाणी नळीतून उलटं खाली येतं. त्याला खाली जागा कुठं ठेवलीस? ते तुझ्या नव्या फरशीवर जाणार, आणि तिथून खालच्या बिऱ्हाडाच्या पंख्यावर. चाचा असते तर म्हणाले असते, "उत्तम. खालच्यांनाही मासे पाळता येतील."

मी तुला आकृती काढून देते. पण आकृती ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याबद्दल आधी ऐकावं लागेल. नुसती आकृती नेलीस तर काचा बरोबर लावशील आणि तरी मासे मारशील. मी मारलेत, म्हणून सांगते.

आपल्या या इमारतीत पुढे गाळे आणि मागे राहायच्या खोल्या. माझ्या शिलाईच्या गाळ्याला लागून त्यांचं काचेचं दुकान होतं. फोटोंना, कपाटांना काच कापून द्यायची आणि माशांच्या टाक्या बनवायच्या. घराणं कसब्यातलंच, आजोबा-पणजोबांपासूनचं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. ते मला "अहो बाई" म्हणायचे. मधे एक पत्र्याची भिंत ठेवून आम्ही इतकी वर्षं काढली, पण त्यांचं ते "अहो" काही सुटलं नाही.

उंच, जरा पुढे वाकलेले, कानावर पेन्सिल, दोन-तीन बोटांना कायम चिकटपट्टी. काच कापताना श्वास रोखून धरायचे. त्या वेळी कोणी काही विचारलं तर रेघ पुरी होईपर्यंत उत्तर नाही, आणि नंतर मिळालेलं उत्तर ऐकून माणसाला वाटायचं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"चाचा, मासे कोणते ठेवू?"

"आधी महिनाभर नुसतं पाणी ठेवा. पाण्याचा कंटाळा आला नाही तर माशांचं बोलू."

नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं होतं, टाकी किती वर्षं टिकेल म्हणून. "तुमच्या हौसेपेक्षा जास्त," हे म्हणाले. ती बाई पिशवी उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून परत आली आणि टाकी करायला सांगून गेली. तिला लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आकृत्या काढायला त्यांना लग्नपत्रिकाच लागायच्या. लोकांकडच्या जुन्या पत्रिका मागून आणायचे आणि पाठीमागे पेन्सिलीने काढायचे. मी एकदा विचारलं, वही का घेत नाही. म्हणाले, "हा कागद जाड असतो. आणि लग्न लागलं की त्याला दुसरं काम नसतं." मापही लिटरमध्ये नाही सांगायचे. ही टाकी चौदा बादल्यांची, ती वीस बादल्यांची. "लिटर कोणी उचललाय? बादली उचलली की कळतं."

आणि एवढं करून त्यांना मासे आवडत नसत. खरंच सांगते. "मी काच विकतो," म्हणायचे, "मासे हा गिऱ्हाइकाचा प्रश्न."

मासे होते ते चाचींचे. त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. चाचींनी कधीतरी पिशवीतून अंगठ्याएवढे पाच सोनेरी मासे आणले होते आणि दुकानात उरलेल्या काचांच्या दोन फुटी टाकीत सोडले होते. मासे वाढले, टाकी तेवढीच राहिली. शेवटी शेवटी चाचींना दम्याने अंथरूण धरायला लावलं. खाटेवर कुशीवर पडून त्या टाकीकडे बघत बसायच्या. मी दुपारी जाऊन बसायचे ना, तेव्हा मला दाखवायच्या, "बघ, हेपण वर येऊन तोंड उघडतात. यांनाही माझ्यासारखा दम लागतो." मोठी टाकी करून द्या, असं त्या नवऱ्याला सहा वर्षं सांगत होत्या. सहा वर्षं हे म्हणत होते, गिऱ्हाइकांचं काम हातावेगळं झालं की करतो.

चाची गेल्या. मासे दोन फुटांतच होते.

चाळिसावा दिवस झाला आणि त्यानंतर चाचांनी दुकानाची निम्मी फळी लावून टाकली. गिऱ्हाईक आलं की आतूनच, "बंद आहे." कधी उघडणार? "काम झालं की." कसलं काम ते कोणाला सांगेनात. एका सकाळी माझ्याकडे आले, हातात जाड पांढऱ्या फेल्टचा तुकडा आणि पत्रिकेच्या पाठीवर काढलेलं चित्र.

"अहो बाई, एक पिशवी शिवायची आहे. वापरायची नाही, गाळायची."

मी जीव लावून शिवली. तोंडाला निळी पायपिन घातली, लटकवायला दोन बंद लावले, तेही रंगाला रंग जुळवून. त्यांनी उलटसुलट करून बघितली. "मासे लग्नाला निघालेत का?" म्हणाले. पण घेऊन गेले. आणि मला मागे यायची खूण केली.

खोलीत खाट तशीच होती, चादर ताठ घातलेली. समोरच्या भिंतीला सहा फुटी काच उभी होती. ते खाटेवर आडवे झाले, कुशीवर, चाची पडायच्या तसे, आणि मला म्हणाले, भिंतीवर माझ्या डोळ्यासमोर पेन्सिलीने खूण करा. मी केली. त्या खुणेवर टाकीचा मध्य यायला हवा होता. म्हणजे टाकी जमिनीपासून जेमतेम सव्वा फूट वर. ज्याने त्याने सांगितलं, स्टँड कमरेएवढं उंच करा, खाली मोठी टाकी बसेल, हात घालायला सोपं जाईल. ते एकच म्हणायचे, "बघणारं माणूस आडवं आहे." आहे म्हणायचे गं. होतं नाही.

आता नीट बघ, ही आकृती. वरच्या टाकीत फक्त पाणी आणि मासे. पंप, घाण, घरघर, सगळं खाली, फळीच्या दाराआड. वरचं पाणी कोपऱ्यातल्या खणात सांडतं, नळीने खाली येतं. पहिल्या कप्प्यात माझी पिशवी, ती मोठी घाण धरते. मग काचेचा पडदा, त्याच्या खालून पाणी जातं. मग दुसरा पडदा, त्याच्यावरून जातं. दुसऱ्या कप्प्यात स्पंज. तिसऱ्यात मातीच्या भाजक्या रिंगा, सच्छिद्र, बांगडीच्या तुकड्यांसारख्या. शेवटच्या कप्प्यात पंप, तो पाणी परत वर नेतो. वर जाणाऱ्या नळीला, वरच्या टाकीतल्या पाण्याच्या बोटभर खाली, एक बारीक भोक, म्हणजे वीज गेल्यावर तिथून हवा शिरते आणि उलटं येणारं पाणी थांबतं. माशांचे लोक खालच्या टाकीला सम्प म्हणतात. चाचा तिला "मोरी" म्हणायचे.

स्टँड बुटकं, म्हणून मोरी बुटकी. उंची नाही तर लांबी घ्या, असं करत करत ती सहा फूट लांब झाली, जवळजवळ वरच्या टाकीएवढी. आणि इतकी लांब करूनही वरचा निम्मा भाग कोरडा ठेवला. मीही तुझ्यासारखंच म्हटलं, एवढी जागा वाया. ते म्हणाले, "वाया नाही. ती वाईट दिवसाची जागा आहे."

चिकटवल्यावर आठवडाभर खोलीत सिलिकॉनचा आंबट वास, व्हिनेगरसारखा. त्या वासात ते जेवायचे, झोपायचे. वास पूर्ण गेल्यावर पाणी भरलं, पंप लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. आम्ही दोघं जमिनीवर बसून खालचं पाणी चढताना बघत होतो. चढत चढत काठाच्या चार बोटं खाली थांबलं. "अहो बाई, एक टिकली द्या." मी कपाळावरचीच काढून दिली. त्यांनी ती काचेवर बाहेरून चिकटवली, पाणी थांबलं होतं तिथं. "वीज गेली तरी पाणी याच्या वर येता कामा नये. आलं, तर कोणीतरी आगाऊपणा केलाय."

माशांना लगेच नाही सोडलं. एक-एक करून, आठवड्याला एक. पाचवा सोडला त्या दिवशी ते खाटेसमोर स्टूल घेऊन बसले होते. खाटेवर नाही बसले. मासे या टोकाकडून त्या टोकाला जात होते. मग म्हणाले, "वर येऊन तोंड उघडत नाहीत." आणि उठून दुकानाची फळी काढायला गेले.

एक वर्ष चांगलं गेलं. मग दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. रिक्षात बसताना किल्ली माझ्या हातात दिली. "रोज चिमूटभर खाणं. रविवारी पिशवी धुवायची, तीही टाकीच्याच पाण्यात. तिसऱ्या कप्प्याला हात लावायचा नाही." का, ते सांगितलं नाही. काही सांगायची त्यांना सवयच नव्हती, आणि मलाही वाटलं, आपल्या हातच्या वस्तूला कोणी शिवू नये असा स्वभाव असतो एकेकाचा.

तुला माहीत आहे मी दिवाळीची सफाई कशी करते. आपलं घर झालं, गाळा झाला, मग मनात आलं, चाचींच्या माघारी त्या घराला दुसऱ्या कोणाचा हात लागणार? माणूस आजारातून येईल, त्याला घर लख्ख दिसू दे. भांडी घासली, जाळ्या काढल्या, चादर बदलली. शेवटी टाकीखालची फळी सरकवली. पहिला कप्पा स्वच्छ, माझी पिशवी पांढरी. आणि तिसऱ्यात, काय सांगू तुला, काळपट तपकिरी बुळबुळ. रिंगांवर साय धरल्यासारखी. मला वाटलं, म्हातारा माणूस, वाकवत नसेल, लाज वाटून हात लावू नका म्हणाले असतील.

सगळ्या रिंगा परातीत काढल्या. नळाखाली धुतल्या, गरम पाण्यात टाकल्या, ब्रशने घासल्या. मग गच्चीवर जुन्या साडीवर पसरून उन्हात वाळवल्या, कुरडया वाळवतात तशा. संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. मी त्या परत भरल्या आणि मला इतकं बरं वाटलं गं.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले.

पाणी आरशासारखं होतं. मला काही कळेना. पाचव्या दिवशी एक कुशीवर तरंगत होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक. वर्तमानपत्रात गुंडाळून गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. त्याच दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेले. नाकाला नळी लावलेली. त्यांनी एकच शब्द विचारला, "मासे?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

चाचा घरी आले तेव्हा चार मासे गेले होते. एकच उरली होती, शेपटाजवळचा पर फाटलेली, तिला चाची लंगडी म्हणायच्या. चाचांना धरून आत आणलं. त्यांनी टाकीकडे बघितलं, मोजलं नाही. एवढ्या मोठ्या पाण्यात एक मासा मोजायला वेळ लागत नाही. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मग खाली बसले, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं तरी, आणि फळी सरकवली.

"वाळवल्या?"

"हो."

"गच्चीवर?"

"हो."

"त्यांना काळं व्हायला वर्ष लागलं होतं," म्हणाले. बस. ज्या माणसाने टाकीच्या आयुष्याचं विचारलं म्हणून त्या शिक्षिकेला सोडलं नव्हतं, त्याने मला एवढंच म्हटलं. मी वाट बघत होते, आता टाकून बोलतील. बोलले नाहीत. आजही कधी कधी वाटतं, बोलायला हवं होतं.

मग म्हणाले, "बादली आणा."

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं, डोळ्यांना न दिसणारं. रिंगांवरची ती बुळबुळ म्हणजे घाण नव्हे, ते विष खाणारे जीव. टाकी ते सांभाळतात. आपण नुसते काचा लावतो. मी घर सांभाळणाऱ्यांनाच उन्हात वाळत घातलं होतं.

ते आता चाचींच्या खाटेवर आडवे असायचे, भिंतीवरच्या त्या खुणेसमोर. ज्या माणसासाठी टाकी इतकी खाली घेतली, त्या जागी ते स्वतः. मी रोज आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घालायचे आणि तेवढं जुनं काढायचे. काचेच्या बारीक नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं दिसलं तर ठीक, हिरवं तर विष. रोज हिरवं. लंगडी कोपऱ्यात तळाला बसलेली, कल्ले जोरजोरात हलताहेत. तिच्याकडे बघू नका, बादलीकडे बघा, चाचा म्हणायचे.

आठवड्याने त्यांनी एक पत्रिका मागितली. पाठीवर लिहिलं, "तिसऱ्या कप्प्यातल्या काळ्या रिंगा, डबाभर, न धुता," आणि मला नारायण पेठेत त्या शिक्षिकेकडे पाठवलं. तिच्याकडची मोरीही यांनीच केली होती. जन्मात कोणाकडे काही न मागितलेला माणूस. त्या बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, एक शब्द न विचारता कप्प्यात हात घातला. डबा भरून वर टाकीचं पाणी ओतलं. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, हौस टिकली."

मी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत आले. झाकण घट्ट लावलं नव्हतं, रिंगांवरच्या त्या जिवांनाही श्वास लागतो म्हणे. चाचांना निरोप सांगितला. ते म्हणाले, "बाई रागीट आहे, पण पाणी चांगलं ठेवते."

काळ्या रिंगा पांढऱ्यांत मिसळल्या. दिवसेंदिवस नळीत हिरवं फिकट होत गेलं. एका सकाळी पिवळं झालं. मी नळी खिडकीपाशी नेली, परत खाटेपाशी आणली, आणि तिथंच मला रडू फुटलं. चार मेले, दवाखान्यात खोटं बोलले, सगळं एकदम बाहेर आलं. त्यांनी होऊ दिलं. मग म्हणाले, "अहो बाई, तुम्ही एका सकाळी धुतलंत. मी सहा वर्षं काच कापली नाही. रडायचं तर रांगेत या."

पुढच्या वर्षी एका दुपारी चहा घेऊन गेले तर खोली अगदी शांत. वीज गेली होती, पंप बंद. ते कुशीवर होते, डोळे मिटलेले, तोंड टाकीकडे. मी हाक मारली, हात लावून बघितला, मग उगीचच खाली बसून फळी सरकवली. पाणी टिकलीपाशी येऊन थांबलं होतं. माणसं जमली, आंघोळ घालायची तयारी सुरू झाली, तेवढ्यात वीज आली आणि पंप आपोआप सुरू झाला. कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. पुरुष त्यांना घेऊन कब्रस्तानात गेले. मी मागे राहिले. पाणी बदलायचा दिवस होता, बदललं.

त्यांच्या पुतण्याने खोली रिकामी करताना विचारलं, काय ठेवू तुम्हाला. मी टाकी मागितली. ती ही, तुझ्या मागची. खाली अजून तीच मोरी आहे. तिसरा कप्पा मी परत कधी धुतला नाही.

लंगडी आता फार म्हातारी झाली गं. एका डोळ्यावर पांढरं आलंय, खाणं नाकाशी नेऊन टाकावं लागतं. आणि माझाही उजवा खांदा बादली उचलू देत नाही, अर्ध्या बादलीने दोनदा जाते. ती आहे तोवर त्या रिंगा जिवंत. तिची घाण हेच त्यांचं पोट. ती गेली की काही दिवसांत तो कप्पा नुसता मातीच्या तुकड्यांचा राहील, मी धुतला होता तसाच, फक्त रंगाने काळा.

म्हणून सांगते, रिंगांवर जीव धरायला तू जे बाटलीतलं औषध आणलंस त्याने काय होईल ते होईल, तू पडदे आधी काढ. वीतभर खाली घेऊन परत चिकटव. ही आकृती ने. ही माझ्या कपाळावरची टिकलीही ने, वीज बंद करून बघशील तेव्हा लाव. मग आंबट वास जाऊ दे. कॅलेंडर बघू नकोस, नाकाने बघ.

वास गेला की त्याच दिवशी ये. झाकणाचा मोठा स्टीलचा डबा आण, काळ्या रिंगा न्यायला. पुढच्या शनिवारी बघते, असा फोन करू नकोस. माझी नको, पण लंगडीची वेळ बघ. लवकर ये गं.